स्कोलिओसिसच्या फेरशस्त्रक्रियेनंतरची घरची शुश्रूषा (कोकण)

पाठीचा कणा एका बाजूला झुकतो आणि स्वतःभोवती पिळलाही जातो, त्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. क्ष-किरण चित्रावर बाक १० अंश किंवा त्याहून जास्त भरला की हे निदान होते. तो मोजण्याची रीत अमेरिकी अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. साधारण ४५-५० अंशांपुढचा बाक शस्त्रक्रियेने शक्य तितका सरळ करतात, सळ्या आणि स्क्रू घालून धरून ठेवतात व मणके एकमेकांना कायमचे जोडतात. ही जोडणी पुढे कधी बिघडली तर पुन्हा करावी लागते ती फेरशस्त्रक्रिया. तिच्यासाठी रुग्णालयात आठवडा-दीड आठवडा राहावे लागते; हाडे जुळायला मात्र सहा महिने ते वर्ष, कधी दोन वर्षे जातात. म्हणजे बरे होण्याचे बहुतेक काम घरातच होते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या घरांत ते कसे पार पडते आणि कुठे अडते, याची ही नोंद.

फेरशस्त्रक्रिया का लागते : ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी स्टीलची सळी तयार केली आणि १९६२ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. पुढची दोन दशके जगभर तीच वापरली गेली. ही सळी सरळ असे. ती कमरेच्या खालच्या मणक्यांपर्यंत नेली की कमरेचा नैसर्गिक खळगा नाहीसा होई आणि काही वर्षांनी माणूस पुढे झुकून, गुडघे किंचित मुडपून चालू लागे. अशा ‘सपाट पाठी’चे रुग्ण आज पन्नाशी-साठीत आहेत. इतरांच्या बाबतीत जोडलेल्या मणक्यांमध्ये हाड धरलेलेच नसते. तार पुनःपुन्हा वाकवली की तुटते, तशी मग सळी तुटते. स्क्रू सैल होणे, जोडणीच्या वरचा मणका पुढे झुकणे, जोडणीखालच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजणे, जंतुसंसर्ग ही आणखी कारणे.

फेरशस्त्रक्रियेत जुने स्क्रू काढतात, घट्ट जुळलेले हाड कापून कण्याला हवा तो कोन देतात आणि पुष्कळदा नवी जोडणी खाली श्रोणीपर्यंत, म्हणजे कमरेच्या रुंद हाडापर्यंत नेतात. एकाच जागी दुसऱ्यांदा कापलेले स्नायू सावकाश भरतात, रक्तही जास्त जाते. म्हणून ‘मागच्या खेपेला तीन महिन्यांत उभी राहिली होतीस’ ही तुलना घरातल्यांनी करू नये. ती खरी असली तरी रुग्णाच्या मनाला फार लागते.

घरी आणणे : अशा शस्त्रक्रिया बहुधा मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याकडे होतात. मुंबईहून रत्नागिरी रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पावसाळ्यात महामार्गावरचा प्रत्येक खड्डा टाक्यांना जाणवतो. २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वे हा अनेकांना सोसणारा पर्याय आहे. तिकीट मात्र खालच्या बर्थचे हवे, आणि उतरायच्या ठिकाणी फलाट बुटका असेल तर धरायला दोन माणसे हवीत. गाडीने यायचे असल्यास तासा-तासाने थांबून पाच मिनिटे चालावे. बराच वेळ पाय लोंबते ठेवून बसले तर पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. स्टेशनवरून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा कोणी लक्षात घेत नाही. रस्ता वाडीच्या वर आणि घर खाली असेल, मध्ये पन्नास-साठ पायऱ्यांची पाखाडी असेल, तर पहिले दोन-तीन आठवडे रस्त्यालगतच्या नातेवाइकाकडे राहणे शहाणपणाचे.

घर कमरेच्या उंचीवर आणणे : पहिले सुमारे तीन महिने तीन गोष्टी वर्ज्य असतात : वाकणे, पिळणे आणि वजन उचलणे. कोकणातल्या घराची अडचण इथेच सुरू होते, कारण या घराचा निम्मा व्यवहार जमिनीवर चालतो. जेवायला पाट, नारळ खवायला विळी, निवडायला सूप, कपडे धुवायला परसातला दगड, शौचाला उकिडवे बसायचे भांडे. औषधे वेळेवर घेणारे रुग्णसुद्धा या ठिकाणी चुकतात. खाली पडलेला चमचा उचलायला हात आपोआप जातो.

म्हणून माणूस रुग्णालयातून यायच्या आधीच घर वर उचलून ठेवावे. पलंग इतका उंच हवा, की काठावर बसल्यावर पाय जमिनीला पुरते टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. कापसाची मऊ गादी किंवा सुंभाची बाज चालत नाही, दोन्हींत शरीर खोलगट होते. रोजचे कपडे, तांब्या, औषधे, मोबाइल आणि चार्जर कमरेपासून खांद्यापर्यंतच्या टप्प्यात ठेवावेत. न्हाणीत बादली जमिनीवर असली की प्रत्येक तांब्यासाठी वाकावे लागते. एकावर एक दोन चिरे (जांभ्या दगडाचे घडीव ठोकळे) नीट बसवून त्यावर बादली ठेवली की प्रश्न मिटतो. आंघोळ हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून करावी आणि खुर्चीचे पाय ओल्या लादीवर सरकत नाहीत ना, हे आधी निरोग्या माणसाने बसून पाहावे.

शौचाचा विषय कोणी उघड बोलत नाही, तो इथे स्पष्ट मांडणे भाग आहे. उकिडवे बसणे पूर्ण बंद. कमोडची लोखंडी खुर्ची तालुक्याच्या गावी औषधांच्या मोठ्या दुकानात विकत किंवा भाड्याने मिळते. कणा श्रोणीपर्यंत जोडला असेल तर मागे हात नेऊन स्वच्छता करणे सुरुवातीला जमत नाही आणि काहींना कधीच पूर्वीसारखे जमत नाही. हात-फवारा बसवून घ्यावा, गरज पडली तर लांब दांड्याचे साधन वापरावे. सुनेला किंवा मुलाला हाक मारावी लागते तेव्हा रुग्णाला मेल्याहून मेल्यासारखे होते. मदत करणाऱ्याने त्या वेळी दुसरेच काही बोलत राहावे.

उठणे, चालणे : साठ-सत्तरच्या दशकात अशा शस्त्रक्रियेनंतर धडाला प्लास्टर घालून महिनोन्‌महिने झोपवून ठेवत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात तेच चित्र असते, म्हणून ‘पडून राहा, उठू नकोस’ असा धाक चालू राहतो. आता रुग्णाला एक-दोन दिवसांतच उभे करतात आणि चालणे हाच मुख्य व्यायाम मानतात.

पलंगावरून उठण्याची रीत घरातल्या प्रत्येकाला यायला हवी. उताणे असताना गुडघे मुडपायचे. खांदा, कंबर आणि गुडघे एकदमच, ओंडका लोळवावा तसे कुशीवर वळवायचे, मध्ये कुठे पीळ पडू द्यायचा नाही. मग पाय पलंगाच्या कडेवरून सोडता सोडता खालचे कोपर आणि वरच्या हाताचा तळवा अंथरुणावर रेटून धड वर आणायचे. क्षणभर बसायचे; चक्कर येत नसेल तर वॉकर धरून उठायचे. मदतनीसाने हात धरून ओढायचे नाही, फक्त पाठीमागे हात ठेवून उभे राहायचे. झोपताना हाच क्रम उलटा. एका वेळी बसणे वीस-तीस मिनिटांपुरतेच.

चालायला पडवी उत्तम. ती दहा मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन पंचवीस फेऱ्यांत अर्धा किलोमीटर होतो. ओटीवरून माजघरात जाताना उंबरा लागतो, तिथे वॉकर उचलावा लागतो; घसरण्यापेक्षा अडखळून पडण्याचे प्रसंग तिथेच जास्त. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उतरणे पावसाळ्यात टाळावे. शेवाळ धरलेला चिरा तेल लावल्यासारखा होतो. वाटेवर टाकलेल्या झापांत, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्यांत, वॉकरचा पाय अडकतो. उतरणे अटळ असेल तर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने पायऱ्या घासून घ्याव्यात.

जखम आणि पाऊस : रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. दमट गाऊन किंवा बनियन पाठीच्या टाक्यांवर घालणे म्हणजे संसर्गाला बोलावणे, म्हणून जखमेला लागणारा प्रत्येक कपडा गरम इस्त्री फिरवून घालावा. डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर आत शिवण नसलेला सुती बनियन घालावा, घामाने भिजला की बदलावा. टाके दोन आठवड्यांच्या सुमारास काढतात. मधले ड्रेसिंग प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते, फक्त तिथल्या परिचारिकेला रुग्णालयाचा कागद दाखवावा. हळद, खोबरेल, कसला लेप, काही लावायचे नाही. शस्त्रक्रियेची तारीख निवडता येत असेल तर दिवाळीनंतरची घ्यावी, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

खाणे, औषधे आणि मिश्री : वेदनेवरच्या तीव्र गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथण्याने पाठ ठणकते. इसबगोल, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी दिलेले सारक पहिल्या दिवसापासून चालू हवे. उकड्या तांदळाची पेज पचायला हलकी, पण तेवढ्याने भागत नाही. हाड धरायला प्रथिने लागतात. अंडी, कुळथाची पिठी, डाळ, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आणि नाचणी यांतून कॅल्शियम मिळते. रक्त गेल्याने हिमोग्लोबिन उतरलेले असते, तेव्हा लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. नसांच्या वेदनेवरच्या गॅबापेंटिन, प्रेगाबॅलिनसारख्या गोळ्या एकदम बंद करू नयेत. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. हाड जुळण्यात अडथळा येईल म्हणून अनेक शल्यचिकित्सक पहिले काही महिने या गोळ्या टाळतात.

तंबाखूबद्दल डॉक्टर विचारतात, तेव्हा बाई ‘नाही’ म्हणते आणि खोटेही बोलत नसते. तिच्या दृष्टीने ती तंबाखू खात नाही, दात घासते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे आणि तिच्यातले निकोटीन रक्तपुरवठा कमी करून हाड जुळू देत नाही. पहिली जोडणी न धरण्यामागे हेही कारण असू शकते, म्हणून प्रश्न ‘मिश्री लावता का’ असाच विचारायला हवा. ती शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून सोडावी लागते आणि नंतर हाड जुळेपर्यंत तरी तोंडाला लावायची नाही.

कोणाचे काम कोण करणार : घरातला पुरुष आजारी पडला तर त्याला विश्रांती मिळते. बाई आजारी पडली तर ‘जड काम करू नको’ एवढेच सांगतात आणि स्वयंपाक त्या जडात कोणी धरत नाही. सुरुवातीची मर्यादा साधारण चार-पाच किलोंची असते. दहा लिटरचा हंडा दहा किलोंचा, भरलेला गॅस सिलिंडर तीसच्या आसपास, भरलेला मोठा कुकरही मर्यादेबाहेर जातो. मुंबईतल्या मुलांनी पैसे पाठवून हे सुटत नाही. पहिले सहा आठवडे एक माणूस घरात हवेच, मग ती गावातली पगारी बाई का असेना.

लावणीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. श्रोणीपर्यंत जोडलेला कणा कमरेत वाकत नाही, तो बरा झाल्यावरही नाही. अशा बाईला चिखलात दिवसभर ओणवे राहून भाताची लावणी पुन्हा करता येणार नाही आणि डोक्यावर माशांची पाटी घेणेही धोक्याचे. ही गोष्ट शस्त्रक्रियेआधी कुटुंबाला कळलेली हवी. नंतर कळली की ती फसवणुकीसारखी वाटते.

चोळणे, चेपणे : पाठ दुखली की तेल लावून चोळणे किंवा लहान मुलाला पाठीवर उभे करून चेपून घेणे हा घरोघरचा उपाय. हाडे बसवणारा जाणकारही हाकेच्या अंतरावर असतो. नव्या जोडणीवर यातले काहीही करायचे नाही, अगदी वर्ष उलटल्यावरही शल्यचिकित्सकाला विचारल्याशिवाय नाही.

मन : तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भेटायला येणारी माणसे कमी होतात, वेदना रेंगाळते आणि रुग्ण रात्री रडतो. ‘एवढे करूनही हेच का’ हा विचार दुसऱ्यांदा कापून घेतलेल्याला पहिल्यापेक्षा जास्त छळतो. त्याच सुमारास काही सुखाचे धक्केही बसतात. वर्षानुवर्षे जमिनीकडे बघत चाललेल्या माणसाला ओटीवरून एकदम समोरची माडाची शेंडी दिसते. उंची वाढते, जुने ब्लाउज अंगाला बसत नाहीत. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप किंवा भूक गेली, तर ती डॉक्टरांना जखमेइतकीच गंभीरपणे सांगावी.

तातडीची लक्षणे : ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पायात नव्याने आलेली अशक्तता, मांड्यांमधल्या जागेची बधिरता, लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसल्यावर वाढणारी आणि पडल्यावर थांबणारी तीव्र डोकेदुखी, एका पोटरीची सूज, दम लागणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाला वाटेतूनच कळवावे. वाडीत रेंज नसेल तर ती कुठल्या वळणावर मिळते आणि रात्री तिथवर कोण जाईल, हे आधी ठरलेले असावे. डिस्चार्ज कार्ड, बसवलेल्या स्क्रू-सळ्यांचा कागद, शेवटचे क्ष-किरण चित्र आणि गोळ्यांची यादी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारामागच्या खुंटीला टांगून ठेवावी, वीज गेलेली असतानाही हाताला लागेल अशी.