अर्धा खेळ आरशात: ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या कॅबिनेटमागची गोष्ट

टायटो या जपानी कंपनीने 1978 मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा नाणं टाकून खेळायचा, शत्रूंना टिपायचा व्हिडिओ गेम आणला, तेव्हा त्याचा पडदा मुळात कृष्णधवल होता. रंग दिसायचे ते काचेवर लावलेल्या सेलोफेनच्या पट्ट्यांमुळे. परग्रहावरचे शत्रू सरकत सरकत खालच्या पट्टीमागे आले की हिरवे व्हायचे.

उभ्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे उभं राहून खेळायच्या यंत्राच्या पेटीत, तर आणखी गंमत होती. मॉनिटर खेळणाऱ्यासमोर नसून आत खाली बसवलेला असे. त्यावरचं चित्र अर्धपारदर्शक आरशात उमटायचं आणि आरशामागे चंद्रावरच्या खडकाळ जमिनीचं रंगीत चित्र दिव्याने उजळलेलं असायचं. त्यामुळे शत्रू चंद्राच्या पुढ्यात अधांतरी तरंगताहेत असंच वाटे. त्या काळच्या चिपला असली पार्श्वभूमी रंगवणं झेपणारं नव्हतं. ते काम लाकूड, काच आणि रंगांनी केलं. म्हणूनच मला हे कॅबिनेट नुसतं खोकं वाटत नाही. तो खेळाचाच भाग आहे.

हा खेळ घडवला तोमोहिरो निशिकादो यांनी. त्याआधी 1975 मध्ये त्यांनी ‘वेस्टर्न गन’ केला होता. अमेरिकेतल्या मिडवे कंपनीने तोच खेळ इंटेल 8080 मायक्रोप्रोसेसर वापरून नव्याने बांधला. त्यातल्या हालचाली पाहून निशिकादो या चिपकडे वळले. चेंडूने विटा फोडायच्या अटारी कंपनीच्या ‘ब्रेकआउट’ या खेळाची भुरळ त्यांना होतीच. विटांच्या जागी हलणारे, उलट गोळ्या झाडणारे शत्रू आले. माणसांवर गोळ्या झाडणं कंपनीला नको होतं, म्हणून ते परग्रहावरचे झाले. रूप मात्र ऑक्टोपस, खेकडा आणि माकुळीचं.

या शत्रूंची चाल जरा बारकाईने बघण्यासारखी आहे. पाच ओळींत अकरा-अकरा, असे एकूण 55. प्रोग्रॅम सेकंदाच्या साठाव्या भागात एकाच शत्रूला पुढे सरकवतो. म्हणजे सुरुवातीला अख्ख्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळजवळ सेकंद लागतो. शत्रू मरत गेले की उरलेल्यांची पाळी लवकर येते, आणि शेवटचा एकटा उरला की तो सुसाट धावतो. सोबतचे चार सुरांचे ठोकेही जलद होत जातात, छाती धडधडावी तसे. वेगाची ही चढण चिपच्या मर्यादेतून निघाली. निशिकादोंनी ती ओळखली आणि राहू दिली. माझ्या मते हाच त्यांचा सगळ्यात मोठा निर्णय.

जपानमध्ये हा खेळ कॉफीच्या दुकानांत टेबलाच्या रूपात पोचला: काच वर, मॉनिटर खाली, कप बाजूला. तिथे 100 येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण तिला आधार नाही. जे खरोखर घडलं तेच पुरेसं थोर आहे.

पुढे 1980च्या दशकाच्या मध्यात खेळाचा सर्किट बोर्ड कॅबिनेटला जोडण्याची ‘जामा’ ही सामायिक पद्धत आली आणि एकाच कॅबिनेटमध्ये बोर्ड बदलून वेगवेगळे खेळ लावता येऊ लागले. धंद्याला ते सोयीचं झालं, पण एका खेळासाठी खास घडवलेली कॅबिनेटं त्यानंतर कमी होत गेली.

1997 पासून मेमसारख्या एम्युलेटरने, म्हणजे संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने, जुने प्रोग्रॅम जपले, हे मोठंच काम. आजच्या वेगवान संगणकावरही शत्रू एकेक करून, जुन्याच संथपणे सरकतात. चंद्राची जमीनही पडद्यावर चित्र म्हणून लावता येते. पण डोकं जरा डावी-उजवीकडे हलवलं की आरशातले शत्रू आणि मागचे खडक एकमेकांपासून सुटे होतात, ते मात्र मूळ कॅबिनेटसमोर उभं राहिल्यावरच दिसतं.