सावलीतील रानफुलांची बाग

सावलीतील रानफुलांची बाग : घराभोवतालच्या ज्या जागेत दिवसातून जेमतेम तीन-चार तास थेट ऊन पोहोचते, किंवा तेवढेही पोहोचत नाही, अशा जागी त्याच प्रदेशातल्या जंगलतळाची मूळ रानफुले लावून मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे, पतंग आणि माश्या यांच्यासाठी अन्न व निवारा तयार करण्याची पद्धत. परागवाहक कीटकांसाठी बाग म्हटले की भर उन्हात फुललेला ताटवाच डोळ्यांपुढे येतो. झाडाखालचा किंवा भिंतीआडचा कोपरा मात्र कामाचा नाही असे समजून तिथे फरशी घातली जाते, नाहीतर शोभेची परदेशी पानझाडे लावली जातात. हा समज चुकीचा आहे. जंगलाचा तळ सावलीचाच असतो आणि तिथेही फुले फुलतात, कीटक येतात, बी धरते. ते कसे घडते हे समजून घेतले, तर घरचा अंधारा कोपरा आपोआप वेगळा दिसू लागतो.

उन्हाचे वेळापत्रक : सावलीतल्या फुलझाडांना ऊन नको असते असे नाही. ती मोठ्या झाडांशी उन्हासाठी झुंजत नाहीत, वेळ साधतात. समशीतोष्ण प्रदेशांतल्या पानझडी जंगलांत थंडी ओसरल्यापासून झाडांना पूर्ण पालवी येईपर्यंत मोजके काही आठवडेच जमिनीवर थेट ऊन पडते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली ट्रिलियम, ब्लडरूट, स्प्रिंग ब्यूटी किंवा यूरोपातली वुड ॲनिमनी आणि ब्लूबेल तेवढ्या मुदतीत पाने काढतात, फुलतात आणि कंदात पुढच्या वर्षाची शिदोरी भरून ठेवतात. यांतली काही तर उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत जमिनीवरून पार दिसेनाशी होतात. ती मेली असे समजून नवखा माणूस नेमकी तिथेच कुदळ घालतो, म्हणून लावलेल्या जागी खूण करून ठेवावी. सह्याद्रीत हेच गणित पावसाशी बांधलेले आहे. पहिल्या सरींबरोबर रानहळद आणि सापकांदा जमिनीतून वर येतात, तेरडा, केना आणि पेव पावसाळ्यात जंगलाच्या कडेने व ओढ्याकाठच्या ओल्या सावलीत फुलतात, आणि पाऊस सरून गेल्यावर हिवाळ्यात दशमुळीची निळसर फुले उमलतात.

म्हणून बाग आखण्यापूर्वीचे पहिले काम म्हणजे उन्हाची नोंद. प्रत्येक ऋतूत एखादा दिवस निवडून दर तासाला जमिनीवर ऊन कुठे आहे हे कागदावर उतरवावे. वर्षभरातून एकदाच पाहून ‘इथे सावली असते’ असे ठरवणे पुरेसे नाही. ज्या जागी भर उन्हाळ्यात काळोख असतो, तिथे पानगळीनंतर सहा तास ऊन असू शकते, आणि तेवढ्या एका गोष्टीवर कोणती झाडे तगतील हे ठरते. बागकामाच्या पुस्तकांत सहसा सहा तासांहून अधिक थेट ऊन म्हणजे पूर्ण ऊन, तीन ते सहा तास म्हणजे अर्धी सावली आणि त्याहून कमी म्हणजे पूर्ण सावली असे धरतात. ही वाटणी कामापुरती ठीक आहे, पण सकाळचे तीन तास आणि दुपारचे तीन तास सारखे नसतात. सकाळचे ऊन झाडाला सोसवते आणि थंडीने गारठलेल्या कीटकांना जागवतेही. दुपारचे ऊन जंगलतळाच्या पातळ पानांना करपवते.

सावलीची जातही पाहावी लागते. पानांतून गाळून आलेल्या प्रकाशातला लाल भाग पानांनीच शोषलेला असतो आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूर-लाल भाग खाली उतरतो. वनस्पतींतले फायटोक्रोम हे रंगद्रव्य या दोहोंचे प्रमाण ओळखते. वर दुसरे झाड आहे असा इशारा मिळाला की उन्हाची सवय असलेले रोप उंच आणि लेचेपेचे वाढत जाते, फुलांकडे दुर्लक्ष करते. भिंतीच्या सावलीत असे होत नाही. तिथे प्रकाश कमी असला तरी तो मोकळ्या आभाळाचा असतो. म्हणून भिंतीआड बऱ्यापैकी फुलणारे रोप तितक्याच अंधुक झाडाखाली नुसती पाने काढत बसते. जंगलतळाच्या खऱ्या जाती मात्र या इशाऱ्याला फारशा भुलत नाहीत. सावलीसाठी त्याच निवडाव्यात असे म्हणण्यामागचे मोठे कारण हेच आहे.

ओलावा हा दुसरा प्रश्न, आणि अनुभवी माणसेही इथेच फसतात. मोठ्या झाडाखालची जमीन गारव्यामुळे ओली वाटते, पण झाडाची बारीक मुळे वरच्याच थरात पसरलेली असतात आणि पाणी तीच आधी ओढून घेतात. पर्णसंभार दाट असेल तर हलका पाऊस खाली पोहोचतही नाही. अशा कोरड्या सावलीत नवे रोप रुजेपर्यंत, म्हणजे निदान पहिले वर्षभर, पाणी द्यावेच लागते.

सावलीत येणारे कीटक : पृथ्वीवरच्या सुमारे ८७ टक्के सपुष्प वनस्पतींचे परागण प्राण्यांकडून होते, असा २०११ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. या प्राण्यांत मधमाश्यांचा गट सर्वांत महत्त्वाचा असून त्याच्या २०,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या बहुतेक पोळे न करता एकेकट्या राहतात. कीटकांचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते, त्यामुळे गार सावलीत लहान मधमाश्या कमी फिरतात. बंबलबी ही जाडसर, केसाळ मधमाशी मात्र पंखांचे स्नायू न उडता थरथरवून स्वतःची छाती तापवते. ती छाती साधारण ३० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचली की बाहेरची हवा १० अंशांच्या आसपास असतानाही ती उडू शकते. यूरोपातल्या फॉक्सग्लव्हसारख्या खोल घंटेच्या फुलांना तिचाच आधार आहे. उष्ण प्रदेशांतल्या सावलीत असेच काम मोठे काळे भुंगे करतात. पेवाच्या पांढऱ्या फुलात असा भुंगा शिरतो तेव्हा तो फुलात पुरता सामावतो आणि पाठीला पराग फासून बाहेर येतो.

माश्यांना कोणी फारसे मोजत नाही, पण सावलीत त्यांचा वाटा मोठा आहे. हवेत एका जागी तरंगणाऱ्या होव्हरफ्लाय गार, ढगाळ हवेतही फुलांवर येतात. बुरशीवर जगणारी बारीक चिलटे तर ओल्या पालापाचोळ्यातच वाढतात, आणि सापकांद्याच्या कुळाने त्यांनाच हाताशी धरले आहे. या वनस्पतीचा फणा, म्हणजे फुलोऱ्याला वेढणारे नागाच्या फण्यासारखे पान, हा एक निसरडा सापळा असतो. नर झाडाच्या फण्याला तळाशी बारीक फट असते, त्यातून चिलट परागाने माखून निसटते. मादी झाडाच्या फण्याला अशी वाट नसते, म्हणून तिथे शिरलेले चिलट पराग देते आणि बहुधा आतच मरते. भरीला, तेच झाड कंद लहान असताना नर आणि पुरेसा पोसल्यावर मादी होते. असे फूल बागेत असणे हे मला दहा गुलाबांहून मोलाचे वाटते.

फुलांचे रंगही सावलीशी जुळलेले असतात. मधमाश्यांना रंग दिसतात हे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. त्यांना जंबुपार, निळा आणि हिरवा प्रकाश कळतो, लाल मात्र जवळजवळ दिसत नाही. अंधुक जागी पांढरी, फिकट पिवळी व निळसर फुले उठून दिसतात, आणि जंगलतळावर हेच रंग अधिक आढळतात. पांढऱ्या, संध्याकाळी सुगंध सोडणाऱ्या फुलांवर पतंग येतात. अंगणात रात्रभर जळणारा दिवा या पाहुण्यांचा मोठा शत्रू आहे. स्वित्झर्लंडमधील कुरणांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृत्रिम उजेडामुळे फुलांवरच्या रात्रीच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. सावलीच्या बागेसाठी सर्वांत सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे तो दिवा मालवणे.

‘देशी’ म्हणजे कुठले : एखादी वनस्पती मुळात देशी किंवा परदेशी नसते, ती कुठल्यातरी ठिकाणची असते. हिमालयात ओढ्याकाठी वाढणारा एक गुलाबी तेरडा १८३९ मध्ये शोभेसाठी ब्रिटनमध्ये नेला गेला. आज तो यूरोपभर नदीकाठ व्यापून तिथल्या मूळ झुडुपांना जागा उरू देत नाही. त्याच्यावर मधमाश्या तुटून पडतात, हेच त्याच्या बाजूने सांगितले जाते. याउलट आयव्ही ही वेल यूरोपात सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये फुलते आणि इतर फुले संपलेली असताना कीटकांना तारते. तीच वेल उत्तर अमेरिकेच्या जंगलात झाडे गिळते. तेव्हा फुलावर कीटक येतात का, एवढाच निकष लावला तर फसगत होते. फुलपाखराला मकरंद कुठलाही चालतो, पण त्याच्या सुरवंटाला ठरावीक पाने लागतात. कोरांटीच्या कुळातली झाडे सावलीत ठेवली तर लेमन पॅन्सी फुलपाखरू त्यावर अंडी घालते, मग ती बाग नुसती खानावळ न राहता त्याचे घर होते. काही मधमाश्याही अशाच एकनिष्ठ असतात. ॲण्ड्रेना एरिजेनी ही लहानशी माशी आपल्या पिल्लांसाठी स्प्रिंग ब्यूटीचा गुलाबी पराग गोळा करते. ते फूल गेले की तीही जाते.

बागेसाठी जाती निवडताना फुलोऱ्याची साखळी तुटू नये याकडे लक्ष द्यावे. सावलीच्या बागा वसंतात किंवा पावसाळ्यात बहरतात आणि नंतर ओस पडतात, हा त्यांचा खरा दोष. उत्तर अमेरिकेत पांढरा वुड ॲस्टर आणि निळ्या देठाचा गोल्डनरॉड शरद ऋतूत झाडाखाली फुलतात. अशी एखादी उशिरा फुलणारी जात शोधून लावणे हे पाच लवकर फुलणाऱ्या जातींहून उपयोगी. एकेक रोप विखरून न लावता एका जातीचे पाच-सात रोपांचे पुंजके करावेत, कारण अंधुक जागी एकटे फूल कीटकाला सापडत नाही. दुहेरी पाकळ्यांची संकरित फुले टाळावीत. त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि मकरंदापर्यंत वाटही उरत नाही.

लागवड : झाडाखाली माती खणू नये आणि वर मातीचा थर चढवूही नये. खणल्याने मुळे तुटतात, थराने ती गुदमरतात. दोन मुळांमधल्या खळग्यात लहान रोप बसवावे. मोठ्या कुंडीतले रोप इथे गैरसोयीचे ठरते. खताची फारशी गरज नाही, कुजलेली पानेच पुरतात.

बियांपासून वाढवायचे तर धीर हवा. समशीतोष्ण जंगलातल्या अनेक बियांना ओलसर थंडीचे दोन-तीन महिने मिळाल्याशिवाय अंकुर फुटत नाही. ब्लडरूट आणि ट्रिलियमचे बी सुकू देता कामा नये, ते ताजेच पेरावे लागते. ट्रिलियमला बियांपासून फुलापर्यंत सहसा पाच ते सात वर्षे लागतात. म्हणूनच त्याचे कंद जंगलातून उपटून विकण्याचा मोह होतो, आणि म्हणूनच अशी रोपे घेऊ नयेत. विकणाऱ्याला ‘हे रोप वाढवले कुठे?’ असे स्पष्ट विचारावे. ब्लडरूट आणि ट्रिलियमच्या बियांना एक स्निग्ध, खाण्याजोगा तुकडा जोडलेला असतो. मुंग्या तो बीसकट वारुळात नेतात, तुकडा खातात आणि बी तिथल्या भुसभुशीत मातीत टाकून देतात. बागेत मुंग्या मारण्याची पावडर टाकणारा माणूस आपल्याच रानफुलांची पेरणी थांबवत असतो. व्हायोलेटच्या बियाही मुंग्याच नेतात. शिवाय या झाडाला वसंतातल्या जांभळ्या फुलांनंतर कधीच न उमलणाऱ्या कळ्या येतात, ज्या आतल्या आत बी धरतात. कीटक आले नाहीत तरी त्याचे अडत नाही.

काही जातींबाबत सावधगिरी हवी. फॉक्सग्लव्ह हृदयावर घातक परिणाम करते, कळलावीचा कंद प्राणघातक आहे, आणि सापकांद्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड व घसा सुजतो. घरात लहान मूल किंवा पाळीव जनावर असेल तर ही झाडे लावू नयेत.

निवारा : सावलीच्या बागेचा सर्वांत मोठा उपयोग फुलांबाहेरचा आहे. थंड प्रदेशांत बंबलबीच्या राण्या हिवाळा काढण्यासाठी मुद्दाम उन्हाकडे पाठ असलेली, गार, सावलीची जमीन निवडतात. कारण उन्हाने माती अवेळी तापली तर त्या फुले नसतानाच जाग्या होतील. पतंग आणि फुलपाखरांचे अनेक कोश पालापाचोळ्यात पडून असतात. पाला झाडून जाळला की पुढच्या वर्षीचे कीटक त्याबरोबर जळतात. पाच-सहा सेंटीमीटरचा थर जागच्या जागी राहू द्यावा, फक्त नाजूक कोंब दडपत असतील तिथे तो हाताने बाजूला सारावा. सुकलेले पोकळ देठ बुडापासून न कापता हात-दीड हात उभे ठेवावेत, काही मधमाश्या त्यांत घरे करतात. मात्र सुमारे ७० टक्के मधमाश्या जमिनीत बिळे करतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना उघडी, उन्हाची जागा लागते. म्हणून सावलीच्या कडेला ऊन पडते तिथे हातभर जमीन मोकळी सोडावी. कीटकनाशक टाळावे हे ओघाने आलेच. निओनिकोटिनॉइड गटातली औषधे रोपवाटिकेत बियांना लावलेली असली तरी परागात उतरतात. या गटातल्या तीन औषधांच्या उघड्यावरील वापरावर यूरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली.

हवामानबदल : उन्हाची ती मोजकी मुदतही आता बदलते आहे. अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावी निसर्गलेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात फुलांच्या व पालवीच्या तारखा टिपून ठेवल्या होत्या. त्यांच्याशी आजच्या तारखा ताडल्यावर असे दिसले, की उबदार वसंतांमुळे झाडांची पालवी रानफुलांच्या मानाने अधिक लवकर येऊ लागली आहे. म्हणजे रानफुले वर येतात तोवर वरचे छत मिटत आलेले असते. जंगलात यावर इलाज नाही. घरच्या बागेत मात्र झाडाच्या अगदी खालच्या एक-दोन फांद्या विरळ करून सकाळचे तिरपे ऊन आणखी थोडे दिवस जमिनीपर्यंत येऊ देता येते. हे काम पालवी फुटण्याआधी, पक्ष्यांनी घरटी बांधायला घेण्यापूर्वी करावे.