वेबकॅम प्रतिमाग्रहण (ओपनसीव्ही)

संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्यातील दृश्य एकेका फ्रेमच्या रूपात प्रोग्रॅमच्या हाती देण्याची क्रिया. वेबकॅमचा आरंभ सामान्यतः केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील कॉफीच्या भांड्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यापासून धरतात. मात्र १९९१ मध्ये ते १२८ × १२८ बिंदूंचे करडे चित्र फक्त प्रयोगशाळेच्या अंतर्गत जाळ्यावर दिसे. वेबवर ते १९९३ मध्ये आले. शब्दाचा काटेकोर अर्थ घेतल्यास दुसरे वर्ष अधिक ग्राह्य ठरते.

ओपनसीव्ही या प्रतिमा हाताळणाऱ्या प्रोग्रॅम-लायब्ररीचे काम इंटेलमध्ये १९९९ मध्ये गॅरी ब्रॅडस्की यांच्या पुढाकाराने सुरू झाले, १.० आवृत्ती २००६ ची. २००९ मधील २.० आवृत्तीत सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेतून वापरण्याची मांडणी आली आणि पुढे कॅमेऱ्यातून फ्रेम घेणारा ‘व्हिडिओकॅप्चर’ हा क्लास रूढ झाला. त्याला कॅमेऱ्याचा क्रमांक द्यायचा, मोजणी शून्यापासून. कॅमेऱ्याशी प्रत्यक्ष व्यवहार त्या त्या प्रणालीची व्यवस्था करते: लिनक्सवर व्हिडिओ४लिनक्स, विंडोजवर डायरेक्टशो किंवा मीडिया फाउंडेशन, तर मॅकवर एव्हीफाउंडेशन.

या क्लासकडून फ्रेम मागवणाऱ्या ‘रीड’ या आदेशात दोन क्रिया दडलेल्या आहेत: ‘ग्रॅब’ फ्रेम पकडते, ‘रिट्रीव्ह’ ती उलगडून देते. दोन कॅमेरे असतील तर आधी दोन्हींवर ग्रॅब करावे, म्हणजे फ्रेममधले कालांतर कमी राहते.

१२८० × ७२० चे ‘वाययूवायव्ही’ या रंगस्वरूपातील असंपीडित (आकार न आवळलेले) चित्र बिंदूला २ बाइट घेते; सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे सुमारे ५.५ कोटी बाइट. यूएसबी २.० वरील एका समकालिक वाहिनीची (ठरावीक वेळेला ठरावीक माहिती नेणाऱ्या मार्गाची) मर्यादा सेकंदाला साधारण २.४६ कोटी बाइट. त्यामुळे मोठे चित्र मागितले की वेग घसरतो. एमजेपीजी, म्हणजे प्रत्येक फ्रेम जेपेगप्रमाणे आवळणारे स्वरूप, मागितल्यास तो बहुधा सावरतो.

सर्वाधिक घोळ रंगक्रमाचा. ओपनसीव्ही लाल-हिरवा-निळा असा क्रम न ठेवता निळा-हिरवा-लाल ठेवते. त्या काळी कॅमेरे व विंडोजवरील सॉफ्टवेअर यांत हाच क्रम प्रचलित होता, असे कारण नेहमी दिले जाते. त्यातील विंडोजचा धागा अधिक भक्कम वाटतो: विंडोजच्या बिटमॅपमध्ये निळा बाइट आधी येतो, आणि इंटेलच्या जुन्या प्रतिमा-लायब्ररीकडून आलेल्या ‘आयपीएलइमेज’ या रचनेत ‘बीजीआर’ (निळा-हिरवा-लाल) अशी रंगक्रमाची नोंद होती. लिटल-एंडियन, म्हणजे संख्येचा खालचा बाइट आधी साठवणाऱ्या, संगणकावर लाल रंग वरच्या बाइटात ठेवणारी संख्या स्मृतीत उलट उतरते, हेही त्याशी जुळते. मॅटप्लॉटलिब या आलेख व चित्रे दाखवणाऱ्या पायथन लायब्ररीत अशी फ्रेम तशीच दाखवली तर चेहरे निळसर दिसतात; तत्पूर्वी ओपनसीव्हीच्या ‘सीव्हीटीकलर’ या फंक्शनने क्रम बदलावा लागतो.