‘थायरॉईड वाढलाय’ या दोन शब्दांमागे

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत ‘माझा थायरॉईड वाढलाय’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि बहुतेकदा त्याचा अर्थ नेमका उलटा असतो. रिपोर्टमध्ये वाढलेला असतो तो टीएसएच हा संप्रेरक. तो मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा थायरॉईडला दिलेला हुकूम. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी पडू लागली की हुकूम चढत जातो. ग्रंथी खरोखरच बेसुमार काम करू लागली तर हाच आकडा शून्याजवळ येतो. मग घरात म्हणतात, ‘कमी आलाय, म्हणजे बरंच आहे की.’ केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर आकडा खोटाच खाली दिसतो, ही आणखी एक भर.

मला वाटतं, या गोंधळाचं मूळ तपासणीच्या इतिहासात आहे. 1835 मध्ये डब्लिनच्या एका डॉक्टरने गळा सुजलेल्या स्त्रियांचं वर्णन केलं ते जोरदार धडधडीवरून. 1895 मध्ये जर्मनीत दिसलं की थायरॉईडमुळे शरीर जास्त प्राणवायू जाळतं. पुढे कित्येक वर्षं श्वासातून किती प्राणवायू खर्च होतो ते मोजूनच निदान व्हायचं. टीएसएचची तपासणी आली तेव्हा तिला फक्त वाढ पकडता येई. ‘कमी’ आणि ‘नॉर्मल’ यांतला फरक 1980च्या दशकात कळू लागला. ‘वाढला’ हाच शब्द तोंडात बसला, तो असा.

दरम्यान ग्रंथी बेसुमार चालणारा माणूस भरपूर जेवूनही वजनाने उतरत जातो, आणि लोक कौतुक करतात. जाते ती नुसती चरबी नाही, स्नायूही झिजतात. जिना चढताना मांड्या भरून येतात, हात थरथरतात. पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात. वयस्कांत तर भूकही मरते, म्हणून सगळं म्हातारपणावर ढकललं जातं. तोवर हृदयाचे ठोके अनियमित झालेले असतात. त्यातून गुठळी सुटून अर्धांगवायू होऊ शकतो.

यावर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार 1941 मध्ये अमेरिकेत सुरू झाला, ग्रंथीला आवरणाऱ्या गोळ्या 1943 पासून. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. देशभरच्या रुग्णालयांना ते आपल्या वाशीतून जातं. उपचार लागू पडले की गेलेलं वजन परत येतं. तेव्हा अनेकजण गोळ्यांनाच दोष देऊन त्या परस्पर बंद करतात, आणि काही आठवड्यांत धडधड पुन्हा सुरू होते.