बॉल पायथनचे रंग: रानातून आले, नोंदवहीत सिद्ध झाले

बॉल पायथन या लहानशा आफ्रिकी अजगराचे रंगीबेरंगी प्रकार पैदासकारांनी 'तयार केले' असं सर्रास म्हटलं जातं. पिवळाजर्द बनाना, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं असलेला पाइड, निळ्या डोळ्यांचा पांढराशुभ्र साप हे सगळं पाहिलं की तसं वाटणं साहजिक आहे. पण यातले बहुतेक मूळ रंग कोणी घडवलेले नाहीत. ते पश्चिम आफ्रिकेच्या रानात जन्मले, निर्यातीच्या पेट्यांतून बाहेर पडले आणि कुणाच्या तरी नजरेला वेगळे दिसले. पैदासकारांनी केलेलं काम निराळं आहे आणि माझ्या मते जास्त मोलाचं आहे. हा वेगळेपणा आई-बापांकडून पिलांत उतरतो का, उतरत असेल तर कोणत्या हिशोबाने, हे त्यांनी वर्षानुवर्षं जोड्या लावून आणि प्रत्येक पिलाची नोंद ठेवून शोधलं. यामागची जनुकं नेमकी कोणती, हे प्रयोगशाळांनी सांगायला सुरुवात केली ती त्यानंतर तीसेक वर्षांनी.

मूळ प्राणी साधा आहे. गडद तपकिरी अंग, त्यावर फिकट सोनेरी ठिपके, नराची लांबी मीटरभर, मादी थोडी मोठी. सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंतच्या गवताळ पट्ट्यात आणि शेतांच्या कडेला तो राहतो. दिवसा उंदरांच्या बिळात किंवा वारुळात, रात्री बाहेर. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा घट्ट गोळा करतो. १८०२ मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. बेनिनमधल्या विदा शहरात या सापांचं मंदिर आहे आणि तिथे त्यांना आजही पूजनीय मानलं जातं.

त्याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो व घाना या देशांतून हा साप गेल्या अर्धशतकात लाखोंच्या संख्येने परदेशी गेला. साप पकडणारे लोक बिळं खणून गाभण माद्या आणि अंडी काढतात, व्यापाऱ्यांच्या आवारात अंडी उबवली जातात आणि पिलं विमानाने रवाना होतात. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हा साप असल्याने निर्यातीला परवाना लागतो. सुरुवातीच्या काळात अमेरिका-युरोपात तो एक स्वस्त तपकिरी साप होता. रानातून पकडलेली मोठी जनावरं अंगावर गोचिड्या आणि पोटात जंत घेऊन यायची, महिनोन्‌महिने खायला नकार द्यायची.

रंगांच्या इतिहासात ही निर्यात फार महत्त्वाची आहे. रंग बदलणारं उत्परिवर्तन दुर्मीळ असतं. काहीशे साप पाहून ते हाती लागत नाही, लाखो पाहिले तर लागतं. विचित्र रंगाच्या पिलाला कितीतरी पट किंमत मिळते हे आफ्रिकेतल्या व्यापाऱ्यांना कळल्यावर अशी पिलं आधीच बाजूला काढली जाऊ लागली. या चाळणीचा भार मूळ प्रजातीवर पडला आहे, हेही इथेच सांगायला हवं. पाळीव प्राण्यांचा व्यापार, मांस आणि कातडं यांसाठी होणाऱ्या उपशामुळे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत बॉल पायथनची नोंद आता 'संकटासमीप' अशी आहे.

पहिला टप्पा गाठला बॉब क्लार्क या अमेरिकी पैदासकाराने. आफ्रिकेतून आलेला एक अल्बिनो त्यांनी विकत घेतला आणि साध्या सापांशी त्याची जोडी लावली. पिलं सगळी तपकिरी निघाली. अप्रभावी जनुकाचं हेच लक्षण आहे: एक प्रत असलेला साप, म्हणजे वाहक, दिसायला साधाच असतो, दोन प्रती एकत्र आल्या तरच रंग बदलतो. ती तपकिरी पिलं वाढवून पुढची वीण लावल्यावर १९९२ मध्ये बंदिवासात जन्मलेले पहिले अल्बिनो मिळाले. त्या काळात एका पिलाची किंमत हजारो डॉलरमध्ये होती.

अल्बिनो म्हणजे नुसता पांढरा साप नव्हे. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या कातडीत रंग येतो तो मुख्यतः मेलॅनिनमुळे. सापाच्या कातडीत तीन तऱ्हेच्या रंगपेशी असतात: काळ्या-तपकिरी रंगाच्या, पिवळ्या रंगाच्या आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या. मेलॅनिन गेलं तरी पिवळा शाबूत राहतो, म्हणून अल्बिनो बॉल पायथन पांढरा-पिवळा दिसतो. उलट पिवळा गेला आणि काळा राहिला की राखाडी-काळा अॅक्झँथिक मिळतो. एकाच सापात इतके निरनिराळे रंग शक्य का होतात, याचं उत्तर या तीन पेशींत आहे.

१९९७ मध्ये पीटर काल या पैदासकारांनी पाइडही अप्रभावी असल्याचं सिद्ध केलं. त्याआधी पाइड हा वाढीतला अपघाती दोष असावा, पुढे उतरणार नाही, अशी शंका घेतली जायची आणि ती रास्त होती. वेगळा दिसणारा प्रत्येक साप जनुकीय नसतो. कितीतरी विचित्र साप वर्षानुवर्षं वाढवल्यावर पिलं साधी निघाली आणि तो विषय तिथेच संपला.

वर्षानुवर्षं का लागतात, हे आकड्यांत सांगता येतं. मादी वयात यायला साधारण तीन वर्षं लागतात आणि वजन दीड किलोच्या आसपास जावं लागतं. ती वर्षातून फार तर एकदा अंडी घालते, तीही सहाच्या आसपास. अंडी उबायला ३१-३२ अंश तापमानात जवळपास दोन महिने. आता दोन वेगवेगळी अप्रभावी जनुकं एका पिलात आणायची आहेत असं समजू. आई-बाप दोघेही दोन्ही जनुकांचे वाहक असतील तर सोळापैकी एक पिलू हवं तसं निघण्याची शक्यता. सहा अंड्यांच्या विणीत असं किमान एक पिलू असण्याची शक्यता ३२ टक्के. तीन जनुकं हवी असतील तर हिशोब चौसष्टात एकवर जातो आणि त्याच सहा अंड्यांत शक्यता उरते ९ टक्के. शिवाय वाहक कोणता आणि निव्वळ साधा कोणता, हे डोळ्यांना कळत नाही. दोन वाहकांच्या तपकिरी पिलांपैकी दोन तृतीयांश पिलं पुन्हा वाहक असतात. विक्रीच्या चिठ्ठीवर '६६ टक्के हेट' (हेट म्हणजे हेटेरोझायगस, वाहक) लिहिलेलं असतं ते यामुळे. तो आकडा त्या विशिष्ट पिलाच्या शरीरातल्या कशाचंही माप नाही, घेणाऱ्याने पत्करायच्या जोखमीचं माप आहे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेस्टल आला आणि कामाचा वेग बदलला. पेस्टलचं जनुक अपूर्ण प्रभावी आहे. एक प्रत आली तरी पिवळा उजळ होतो, म्हणजे पहिल्याच विणीत रंग दिसतो. दोन प्रती आल्या की आणखी उजळ असा सुपर पेस्टल मिळतो. पुढच्या काही वर्षांत मोजावे, लेसर, सिनॅमन, यलोबेली अशी नावं ओळीने येत गेली. एकाच सापात दोन-तीन-चार जनुकं एकत्र करणं शक्य झालं आणि जोडनावांची संख्या काही हजारांवर गेली.

या काळातल्या दोन शोधांमध्ये मला खरं विज्ञान दिसतं. मोजावे आणि मोजावे यांची जोडी लावली तर काही पिलं निळ्या डोळ्यांची, पांढरी, डोक्यावर राखाडी छटा असलेली निघतात. लेसर आणि लेसर यांतून जवळपास शुभ्र. मग मोजावेची लेसरशी जोडी लावली, तरी निळ्या डोळ्यांची पांढरी पिलं मिळाली. म्हणजे ही दोन वेगळी जनुकं नव्हेत, एकाच जनुकाची दोन रूपं आहेत. अॅक्झँथिकच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. वेगवेगळ्या आयातीतून आलेल्या दोन घराण्यांचे अॅक्झँथिक एकत्र केले आणि पिलं सगळी तपकिरी निघाली. दिसायला सारखे असले तरी त्यांचा रंग वेगवेगळ्या जनुकांमुळे गेला होता. आनुवंशिकीच्या वर्गात फळमाशीवर शिकवली जाते ती पूरकता चाचणी हीच. इथे ती घरातल्या रॅकवर, प्लास्टिकच्या टबांत पार पडली.

याहून मोठी गोष्ट बनानाने घडवली. हा प्रकार या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बाजारात आला आणि लवकरच विणींचा हिशोब चुकतोय असं पैदासकारांना दिसू लागलं. काही बनाना नरांची बनाना पिलं बहुतेक नरच निघायची, तर काहींची बहुतेक माद्या. नोंदी मागे चाळल्यावर सूत्र सापडलं: नराला बनाना जनुक बापाकडून मिळालं असेल तर त्याची बनाना पिलं बहुधा नर, आईकडून मिळालं असेल तर बहुधा माद्या.

पाठ्यपुस्तकात हे बसत नव्हतं. सापांमध्ये लिंग ठरतं ते पक्ष्यांसारखं झेड आणि डब्ल्यू गुणसूत्रांनी, असं कित्येक दशकं शिकवलं जात होतं. त्या पद्धतीत नराकडे दोन सारखी झेड गुणसूत्रं असतात आणि पिलाचं लिंग आई ठरवते. बापाकडून आलेल्या जनुकाचा पिलाच्या लिंगाशी संबंध जुळायचं कारणच उरत नाही. तो जुळतोय, याचा सरळ अर्थ असा की या नराकडे दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं आहेत, माणसासारखी एक्स आणि वाय. अधूनमधून अपवाद निघतात, कारण एक्स आणि वायच्या ज्या भागात हे जनुक आहे तिथे कधीकधी अदलाबदल होते. २०१६ मध्ये अशा पैदास-नोंदींवर आधारलेला शोधनिबंध आला. २०१७ मध्ये टोनी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी 'करंट बायॉलॉजी' या संशोधनपत्रिकेत डीएनएच्या पुराव्यानिशी दाखवून दिलं की बोआ आणि अजगर यांच्यात लिंग-गुणसूत्रं एक्स-वायच आहेत. छंद म्हणून साप वाढवणाऱ्यांच्या वह्यांनी जीवशास्त्रातला एक जुना समज दुरुस्त करायला हातभार लावला, याचं श्रेय त्यांना अजून पुरेसं मिळालेलं नाही.

जनुकांची खरी ओळख पटली ती कातीमुळे. सापाने टाकलेल्या कातीत डीएनए मिळतो. सुई नको, रक्त नको, साप हलवायची गरज नाही, पाकिटात कात घालून टपालाने पाठवली की झालं. अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात हॅना सायडल यांच्या गटाने साप पाळणाऱ्यांकडून आणि पैदासकारांकडून अशा काती मागवल्या आणि २०२२ मध्ये तीन प्रकारांची जनुकं जाहीर केली. अल्बिनोमागे टायरोसिनेजचं जनुक, लॅव्हेंडर अल्बिनोमागे ओसीए२ आणि अल्ट्रामेलमागे टीवायआरपी१. माणसातल्या वर्णहीनतेतही हीच जनुकं सापडतात. २०२३ मध्ये पाइडचं मूळ टीएफईसी या जनुकात असल्याचं दुसऱ्या एका गटाने दाखवलं, आणि निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या सापांचा संबंध रंगपेशींच्या वाढीशी निगडित एंडोथेलिन संदेशयंत्रणेशी असल्याचंही त्याच वर्षी समोर आलं. आता काही प्रकारांचा वाहक ओळखायला तीन वर्षं थांबावं लागत नाही, कात तपासून घेता येते.

स्पायडरची हकीकत मात्र नोंदी असूनही नीट वाचल्या न गेल्याची आहे. न्यू इंग्लंड रेप्टाइल डिस्ट्रिब्यूटर्स या अमेरिकी संस्थेने १९९९ मध्ये आफ्रिकेतून आलेल्या एका सापापासून हा प्रकार सिद्ध केला. काळ्या रेषांची बारीक जाळी, फिकट अंग. पेस्टलशी जोडी लावली की बम्बलबी मिळायचा आणि त्याला प्रचंड मागणी होती. पण स्पायडरचं डोकं डुलतं. काहींचं जेमतेम, काहींचं इतकं की मान पिळवटून डोकं उलटं होतं, भक्ष्यावर घेतलेली झेप चुकते, पाठीवर पडलेला साप सरळ व्हायला धडपडतो. चांगल्या घराण्याचे साप आणून जोडी लावली की हा दोष निघून जाईल, अशी आशा अनेक वर्षं दाखवली गेली. तो निघाला नाही. जाळीची नक्षी आणि डुलणं ही एकाच जनुकाची दोन फळं आहेत.

भ्रूणात ज्या पेशींपासून रंगपेशी बनतात त्यांचा कानाच्या जडणघडणीशीही संबंध असतो. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपण वारंवार आढळतं, हे त्याचं ओळखीचं उदाहरण. स्पायडरच्या बाबतीत २०२२ मध्ये सीटी स्कॅनच्या आधारे झालेल्या अभ्यासात आतल्या कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारची पिशवी विकृत असल्याचं दिसलं. त्याआधीच, २०१८ मध्ये, ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत स्पायडरच्या विक्रीवर बंदी घातली होती.

स्पायडर खातो, वाढतो, पिलं देतो, मग त्याला त्रास होतो कशावरून, असा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. मला तो पटत नाही. तोल सांभाळणारा अवयवच बिघडलेला आहे हे दिसल्यानंतर पुरावा मागायचा तो पैदास चालू ठेवणाऱ्यांकडे मागायला हवा. आणि प्रश्न एकट्या स्पायडरचा नाही. वोमा आणि शॅम्पेन या प्रकारांतही डुलणं आढळतं. कॅरॅमल अल्बिनोत पाठीचा कणा वाकडा निघण्याचं प्रमाण जास्त आहे, सुपर सिनॅमनमध्ये चपट्या तोंडाची पिलं येतात, डेझर्टच्या माद्या जगणारी वीण देऊ शकत नाहीत. डेझर्टच्या बाबतीत बहुतेकांनी पैदास सोडून दिली, कारण तिथे नुकसान थेट पैदासकाराचं होतं. बाकीच्यांत ते सापाचं होतं, आणि त्यांची विक्री अजून चालू आहे.