बाटलीची काच वितळवणं सोपं, थंड करणं अवघड

रिकाम्या बाटल्यांपासून पेंडंट, कोस्टर, छोट्या ताटल्या करून बघाव्यात असं वाटणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, की घरच्या ओटीजीत काच वितळेल का? नाही वितळणार. ओटीजी फार तर 250 अंशांपर्यंत जातो आणि बाटलीचे तुकडे एकमेकांत मिसळायला 800 अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. त्यासाठी छोटी इलेक्ट्रिक भट्टी हवी, नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची ती डब्याएवढी भट्टी मिळते, तिच्या आतल्या बाजूला सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो, तो मायक्रोवेव्ह शोषून लालबुंद होतो आणि काही मिनिटांत पेंडंटएवढा तुकडा तयार.

वितळणं म्हणतोय खरं, पण काचेला बर्फासारखा ठरलेला द्रवणांक नसतोच. बाटलीची काच म्हणजे 70 टक्क्यांच्या वर सिलिका, म्हणजे वाळूच, आणि बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. नुसती सिलिका वितळवायला 1700 अंश लागतात, सोडा ते तापमान खाली आणतो आणि चुना नसेल तर तीच काच पाण्यात विरघळायला लागेल. यातले अणू स्फटिकासारखे रांगेत बसलेले नसतात, त्यामुळे सगळे बंध एकदम सुटत नाहीत, काच हळूहळू मऊ होत जाते. साधारण 650 ते 700 अंशांना ती स्वतःच्या वजनाने वाकायला लागते, 750 च्या पुढेमागे तुकड्यांच्या धारदार कडा गोल होऊन ते एकमेकांना चिकटतात, आणि 800 ओलांडलं की सगळं एकजीव होऊन सपाट होतं. कुठे थांबायचं हे आपण ठरवायचं. प्रत्येक भट्टीचा काटा थोडा वेगळं दाखवतो, त्यामुळे हे आकडे सुरुवातीपुरते धरा.

अजून एक, पूर्ण मऊ झालेली काच पृष्ठताणामुळे साधारण 6 मिलीमीटर जाडीवर येऊन थांबायला बघते. त्यापेक्षा पातळ ठेवली तर कडा आत ओढल्या जातात, जाड ठेवली तर बाहेर पसरते.

आता थंड करणं, सगळ्यात जास्त वस्तू जातात त्या इथेच. 10 सेंटीमीटरचा बाटलीच्या काचेचा तुकडा 500 अंशांनी थंड होताना जवळपास 0.45 मिलीमीटर आक्रसतो. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच तेवढ्यात जेमतेम 0.17 मिलीमीटर आक्रसते. या दोन्ही एकत्र चिकटवल्या तर एक ओढणार, दुसरी हलणार नाही, मग तडा ठरलेलाच. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांमध्येसुद्धा फरक असतो, तो केसाच्या जाडीहून कमी भरला तरी तडा जायला पुरतो, आणि तडा कधीकधी भट्टीत न जाता नंतर कपाटात ठेवलेल्या वस्तूला जातो. म्हणून माझं ठाम मत आहे की एक वस्तू एकाच बाटलीतून करायची. हिरव्यात निळा तुकडा घालायचा मोह होतो, पण आवरा.

काच सगळी एकच असली तरी वरचा भाग आधी थंड होऊन कडक होतो आणि आतला अजून गरम असतो, तो नंतर आक्रसायला गेला की ताण आतच अडकून बसतो. यावर उपाय म्हणजे अ‍ॅनीलिंग. 540 अंशांच्या आसपास काच दिसायला घट्ट असते पण आतले अणू अजून थोडे सरकू शकतात, तिथे अर्धा-एक तास तापमान धरून ठेवलं की ताण निघून जातो, मग 370 पर्यंत तासाला 60-80 अंश अशा बेताने उतरवायचं आणि त्यानंतर भट्टी बंद करून हात लावायचा नाही. झाकण उघडून बघू नका, खरंच बघू नका.

ताण उरलाय का हे घरीच तपासता येतं. एलसीडी स्क्रीनचा प्रकाश ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात, त्यामुळे स्क्रीन पूर्ण पांढरी करायची, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवायचा आणि मध्ये काचेची वस्तू धरायची. ताण नसेल तर सगळं काळंच राहतं. असेल तर नेमक्या त्या जागी, बहुधा दोन तुकड्यांच्या सांध्याभोवती, उजळ वलय दिसतं, कारण ताणलेली काच प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलते.

वस्तूवर पांढुरकी साय आली तर समजायचं की काच 700-800 च्या पट्ट्यात जास्त वेळ रेंगाळली आणि पृष्ठभागावर बारीक स्फटिक तयार झाले. बाटलीच्या काचेला ही खोड जास्तच. बोटांचे डाग आणि लेबलचा गोंद राहिला तर हे आणखी वाढतं, म्हणून धुण्यात आळस नको, आणि वरून खाली येताना तो पट्टा पटकन ओलांडायचा. टफन्ड काच, आरसे, गाडीची काच यांच्या वाटेला जाऊ नका. काच फोडताना डोळे झाकणारा सुरक्षा गॉगल हवा आणि चुरा करताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात जायला नको.

घानामधल्या क्रोबो लोकांचे मणी याच तत्त्वावर बनतात, तेही घराशेजारच्या मातीच्या भट्टीत. बाटल्या कुटून पूड करतात, केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, लावलेल्या मातीच्या साच्यात भरतात आणि मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत देठ जळून जातो आणि मण्याला आरपार भोक राहतं. मणी लहान, त्यामुळे आतबाहेरच्या तापमानात फार फरक पडत नाही आणि कॉम्प्युटरवर चालणारी भट्टी नसतानाही तो टिकतो. आपल्यालाही सुरुवात करायची तर मण्यापासून किंवा नाण्याएवढ्या पेंडंटपासून करावी, ताटली नंतर.