गडद म्हणजे नेमकं किती गडद?

पोटॅशियम परमँगनेटचे दोन कण पाण्यात टाकले की जांभळ्या रेघा सोडत तळाला जातात. ढवळलं की सगळं पाणी एकसारखं रंगतं. आणखी दोन टाका, रंग गडद होतो. पण किती गडद? इथे डोळा हात टेकतो.

हे द्रावण पांढऱ्या प्रकाशातला हिरवा भाग गिळतं, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला जांभळा दिसतो. मोजायचं ते गिळलेलं. त्यामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये, म्हणजे गिळलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात, जांभळा नव्हे, ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश सोडतात. नवख्यांची गल्लत हमखास इथे होते.

प्रकाश वजाबाकीने नाही, भागाकाराने घटतो, हे पियेर बुगेर यांनी १७२९ मध्येच ओळखलं होतं. द्रावणाच्या पहिल्या सेंटीमीटरने शंभरातला दहावा हिस्साच पुढे जाऊ दिला, तर दुसरा सेंटीमीटर त्या दहातला एकच सोडेल. म्हणून लॉगॅरिदम घ्यायचा: दहा टक्के पार झाला तर ॲबसॉर्बन्स (गिळलेल्या प्रकाशाचं माप) १, एक टक्का तर २. लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये याला गणिती रूप दिलं, तर बेअर यांनी १८५२ मध्ये त्यात द्रावणाची संहती (विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण) आणली. सौम्य द्रावणात संहती दुप्पट, तर ॲबसॉर्बन्सही दुप्पट. संहती माहीत असलेली चार-पाच द्रावणं मोजा, आलेखावर सरळ रेषा मिळते; अनोळखी द्रावणाची संहती त्या रेषेवरून वाचायची.

रेषा वरच्या टोकाला मात्र वाकते. ॲबसॉर्बन्स ३ म्हणजे हजारातला एकच भाग पोचतोय. यंत्रात इकडून तिकडून शिरलेला भटका प्रकाशही त्याच्या तोडीचा ठरू शकतो. अशा आकड्यावर विसंबू नये. द्रावण दहापट पातळ करावं आणि उत्तराला दहाने गुणावं.

आणि प्रकाश कोणी खाल्ला, हे यंत्राला कळत नाही. क्युव्हेटवरचा, म्हणजे द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक पात्रावरचा, बोटाचा ठसा, भिंतीला चिकटलेला बुडबुडा, गढूळपणा, सगळं द्रावणाच्याच खात्यावर जमा होतं. म्हणून आधी नुसत्या द्रावकाने शून्य लावायचं आणि क्युव्हेट धरायची ती खरबरीत बाजूंनी.

रंग दिसलाच पाहिजे असंही नाही. डीएनएचं द्रावण पाण्यासारखं नितळ असतं, पण २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ते चांगलंच शोषतं. एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये ॲबसॉर्बन्स १ आला, तर दुपेडी डीएनए मिलिलिटरमागे सुमारे ५० मायक्रोग्रॅम. फक्त क्युव्हेट क्वार्ट्झची हवी. साधी काच हा प्रकाश स्वतःच गिळून टाकते.